अकरा खांबांची पावती

भाळोशीच्या खालच्या आळीत कृष्णात हवालदाराच्या घरी आढ्याला एक बल्ब टांगलेला होता. जबलपूरच्या बाजारातून आणलेला, शंभरचा. बल्बला होल्डर होता, होल्डरच्या वर वीतभर वायर होती, आणि वायरच्या वर काहीच नव्हतं. नुसतं आढं. कृष्णात रोज सकाळी पाटावर उभा राहून धोतराच्या सोग्यानं तो बल्ब पुसायचा. शेजारची हरणाबाई उंबऱ्यात बसून म्हणायची, "हवालदार, पुसून पुसून फुटंल वो त्यो. मग तुमी रॉकेल कशाच्या उजेडात जाळनार?"

कृष्णातनं पलटणीत अठरा वर्षं काढली होती. सिग्नलमध्ये. खांदा मोडेस्तोवर तारेची रिळं वाहायची, डोंगरात खांब रोवायचे, खांबावर चढायचं, तार ओढायची. शेवटची चार वर्षं जबलपूरला फॅमिली क्वार्टर मिळालं आणि त्याची बायको साळूबाई तिकडं गेली. भिंतीवरचं बटण दाबलं की उजेड, ह्याची सवय माणसाला आठ दिवसांत लागते. सुटायला मात्र अख्खा जन्म पुरत नाही. त्र्याहत्तर साली पेन्शन घेऊन दोघं गावी आली, तेव्हा साळूबाईनं पेटीत कापसात गुंडाळून एकच वस्तू जीव लावून आणली. तो बल्ब.

आता खालच्या आळीत लाइट का नव्हती, तर ऐका. भाळोशीच्या मधनं ओढा जातो. ओढ्याच्या वरच्या अंगाला वरची आळी, ती सातारा जिल्ह्यात. तिथं चार वर्षांपूर्वीच लाइट आली. ओढ्याच्या खालच्या अंगाला खालची आळी. तिच्या पलीकडं अर्ध्या मैलावर उसाच्या विहिरी, त्या सांगली जिल्ह्यात. तिथं मोटारी चालायच्या, म्हणजे तिथंही लाइट. दोन्हीकडं उजेड आणि मधे आमची आळी, जात्याच्या पाळ्यांत अडकलेल्या खड्यासारखी, काळीकुट्ट.

सातारकडचं वीजहापीस म्हणायचं, जिल्ह्याची हद्द ओढा आहे, तुम्ही ओढ्यापलीकडचे, सांगलीला जा. सांगलीकडचं हापीस जुना नकाशा पसरायचं. त्या नकाशात ओढा आळीच्या खालून जात होता, कारण एका पावसाळ्यात पुरानं ओढ्याचं पात्रच फिरवलं होतं, आणि ही गोष्ट ओढ्यानं कुठल्याच हापिसाला अर्ज करून कळवली नव्हती. म्हणून सांगलीवाले म्हणायचे, तुम्ही साताऱ्याचे. मतं मागायला मात्र दोन्ही जिल्ह्यांतले पुढारी यायचे. त्यांना नकाशा लागत नव्हता. ह्या लोकांना एकेक आठवडा खालच्या आळीत अंधारात बसवून ताटातला खडा शोधायला लावला पाहिजे, म्हणजे हद्द कळेल.

साळूबाईनं एक वर्ष दम काढला. आटपाडीसारख्या कोरड्या मुलखात दिलेल्या लेकीचं पत्र आलं, आमच्याकडं लाइट आली, आणि तिचा दम संपला. पंचमीला ती मिरजेला भावाकडं गेली. भाऊ रेल्वेत, क्वार्टरात दोन बल्ब. जाताना म्हणाली, "आळीत खांब हुबा राह्यला की कळवा. तवर मी काय येत न्हाई."

"अगं पर..."

"पर न्हाई आन् बिर न्हाई. त्या चिमणीच्या धुरानं माज्या नाकात काजळीचं दुकान झालंय."

इथं कृष्णातनं मोठी चूक केली. तिनं निळी पत्र्याची पेटी उचलली, तेव्हा पलटणीतल्या सवयीनं तो वही घेऊन आडवा आला. स्टोअरमधनं सुतळीचा तोडाही बाहेर जायचा तर पावती, ही अठरा वर्षांची सवय. त्यानं लिहिलं: 'पेटी पत्र्याची, निळी, कुलपासह, नग एक, मिळाली.' आणि सहीला वही पुढं केली. साळूबाई चौथी शिकलेली. तिनं सही केली, पण अशी की टाकाचं निब मोडलं आणि शाई हवालदाराच्या मिशीवर उडाली.

महिनाभर कृष्णातनं स्वतः थापलेल्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरी कुत्र्यानंही पावती दिल्याशिवाय घेतल्या नसत्या.

मग गणपती आले. वरच्या आळीच्या मंडळाकडं लाइट, म्हणून त्यांचा राक्षस दरवर्षी डोळे मिचकावायचा, जीभ बाहेर काढायचा. खालच्या आळीच्या तालमीत एक गॅसबत्ती, आणि तिच्याभोवती जमलेली पाखरं हाच काय तो हलता देखावा. मंडळाचा अध्यक्ष होता धनपाल आण्णा, किराणा दुकानदार. आळीला रॉकेल विकायचा तोच. त्यामुळं आळीत लाइट यावी असं तो मीटिंगमध्ये मोठ्यानं म्हणायचा आणि घरी हळूच म्हणायचा, काय घाई हाय.

"आण्णा," कृष्णात म्हणाला, "ह्या साली देखावा मी करतो. माज्याकडं आगगाडी हाय."

जबलपूरहून बदलून जाताना एका कॅप्टनसायबानं त्याला ती दिली होती. चावीची, पत्र्याची, हिरवं इंजिन, चार डबे आणि जोडायचे रूळ. (तिचीही पावती होती.) तालमीच्या कट्ट्यावर आठ फुटी फळ्या टाकून कृष्णातनं अख्खी भाळोशी उभी केली. मातीचे डोंगर. सिगारेटच्या चांदीचा ओढा, पात्र फिरल्यानंतरचा. बिस्किटाच्या पुठ्ठ्याची घरं. भिजवलेली ज्वारी पेरून उगवलेला ऊस. भोवतीनं रूळ, एका टोकाला 'लोणंद' पाटी, दुसऱ्या टोकाला 'मिरज'. चावी दिली की गाडी खडखडत निघायची आणि मोजून वीस सेकंदांत मिरजेला पोचायची. प्रत्येक फेरीला कृष्णात मिरजेच्या पाटीकडं बघायचा. गाडी यायची, जायची. उतरत कुणी नव्हतं.

आळी खूश झाली. कृष्णात मात्र डोकं खाजवत बसला.

"आता काय राह्यलं रं?" धनपालनं विचारलं.

"आण्णा, खांब न्हाईत."

"खांब कशाला? गाडी चावीवर चालती की."

"बिनखांबाची रेल्वे बगितलीस कवा? खिडकीतनं तारा वर-खाली हुताना दिसल्या न्हाईत तर गाडीत बसल्यागत वाटतंय व्हय?"

आणि हवालदार कामाला लागला. मोडक्या छत्रीच्या काड्या तोडून त्यानं रुळाकडेचे तारखात्याचे खांब केले. आडव्या पट्ट्या आगकाडीच्या. तारेसाठी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली केसासारखी तांब्याची तार उलगडली. खांबावर चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या असतात, त्या जागी डिंकानं साबुदाणे चिकटवले. झकास दिसले. सकाळी उठून बघतो तर उंदरांनी सगळे साबुदाणे खाऊन तारा खाली पाडलेल्या. तालमीतल्या उंदरांचा उपास असावा.

मग कृष्णात घरी गेला. दारावर साळूबाईनं जबलपूरला विणलेलं पांढऱ्या मण्यांचं तोरण होतं. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि तोरण उसवलं.

रेल्वेचे खांब झाले, तरी त्याचा हात थांबेना. पुठ्ठ्याच्या वरच्या आळीत त्यानं सातारकडची लाइन ओढली, खरी होती तशी. खाली उसात सांगलीकडची लाइन ओढली, खरी होती तशी. आणि मधली पुठ्ठ्याची काळी आळी त्याला बघवेना. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या मुलखात खांब रोवलेला माणूस तो. सांगलीच्या लाइनपासून ओढ्याच्या काठापर्यंत त्यानं पावलांनी खरं अंतर मोजलं आणि हिशेब केला, अकरा खांब पुरतात. दिवसभर तो पालथा पडून अकरा खांब रोवत आणि त्यांनाही तोरणाचे मणी चिकटवत होता. तारेला नेमका झोळ दिला, कारण ताठ तार थंडीत तुटते, हे उस्तादानं त्याला शिव्या घालून शिकवलं होतं. कोपऱ्यावरचा खांब कलू नये म्हणून त्याला ताणसुद्धा दिला, सुईदोऱ्याचा. शेवटी टॉर्चचे बारके बल्ब आणि चार सेल लावून पुठ्ठ्याच्या खालच्या आळीत त्यानं उजेड पाडला.

आता ह्यात भांडण होण्यासारखं काय आहे? पण आळी आमची. हरणाबाई आली आणि म्हणाली, "माज्या दारावरनं तार नको. लुगडं वाळत घालताना झटका बसंल."

"हरणामावशे, खेळण्यातली हाय ती."

"आज खेळण्यातली हाय. उद्या म्हनशील मावशे, तवा का बोलली न्हाईस?"

तार दोन बोटं सरकवावी लागली. मग धनपाल आला. रॉकेल विकणारा धनपाल! पुठ्ठ्याच्या दुकानाकडं बघून म्हणाला, "माज्या दुकानाला खांब न्हाई व्हय? अध्यक्ष हाय मी. दारातच लाव, म्होरं, मदोमद."

"दारात? गिऱ्हाईक आत कसं जाईल?"

"पुठ्ठ्याचं गिऱ्हाईक हाय रं, जाईल वाकडं हून. लाव तू."

अकरावा खांब धनपालच्या दारात लागला. आणि दुसऱ्या दिवशी कृष्णातनं बघितलं तर कुणीतरी बायकोच्या केसातली पिन वाकवून तारेवर आकडा टाकला होता आणि दोरा थेट आपल्या पुठ्ठ्याच्या घरात नेला होता.

"तार वडून एक दिस झाला न्हाई," कृष्णात तालमीत उभा राहून ओरडला, "तवर चोरी? कुनाचं घर हाय हे?"

ज्याचं घर होतं तो समोरच बसला होता आणि गणपतीकडं बघत होता.

पाचव्या दिवशी दुपारी सांगलीच्या एका पेपरचा फोटोवाला आला. सगळ्या तालुक्यातले देखावे काढत फिरत होता. आडवा पडला, कॅमेरा मातीला लावला, इंजिनाच्या धुराड्यात कापूस खुपसला आणि खटका मारला. दोन दिवसांनी पेपर आला. फोटो असा काही निघाला होता की भल्याभल्यांनी खरा मानावा. ओढा चमकतोय, झोळदार तारा लोंबतायत, उसाच्या कडेनं खांबामागं खांब, आणि लांब धुकट गोलसर डोंगर. तो डोंगर म्हणजे पलीकडं उभ्या असलेल्या धनपालच्या पायाचा अंगठा होता. आणि पेपरच्या कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गाव बघणाऱ्या कुणा शहाण्यानं फोटोखाली छापलं होतं: 'भाळोशीच्या खालच्या आळीत अखेर विजेचे खांब! ग्रामस्थांत आनंदाचे वातावरण.' गणपतीचं नाव नाही, देखाव्याचं नाव नाही. असले लोक बातम्या लिहितात आणि आपण त्या खऱ्या मानून वाचतो.

आळी पोट धरून हसली. कृष्णातही हसला. दोन दिवसांनी मिरजेचं कार्ड आलं आणि त्याचं हसू मिशीतच गोठलं.

'पेपरात खांब पाह्यले. जीव लय हरिकला. मला वाटलं न्हवतं तुमच्याच्यानं हुईल. गुरवारी दुपारच्या पाशिंजरनं येते. टेसनावर बैलगाडी पाठवा. बलब पुसून ठेवा. साळू.'

"आण्णा," तो धनपालच्या दुकानात येऊन पोत्यावर कोसळला. "मेलो."

धनपालनं कार्ड वाचलं. "मग लिहून टाक, येऊ नगं म्हनून."

"बायकूला? येऊ नगं म्हनून?"

"मग बैलगाडी पाठवू नगंस."

"ती चालत ईल आन् येताना वाटंतला धोंडा घेऊन ईल."

"मग मी सांगू का," धनपाल आवाज खाली करून म्हणाला, "तू तिला सांग, खांब व्हतं, चोरीला गेलं."

कृष्णात उठून चालता झाला. असल्या सल्लागारांमुळंच देश आहे तिथं आहे.

गुरुवारी साळूबाई बैलगाडीतनं उतरली. अंगावर नवं लुगडं, हातात निळी पेटी. आळीच्या तोंडाशी तिनं मान वर केली. आभाळ होतं. मान डावीकडं वळवली. आभाळ. उजवीकडं लिंबाचं झाड आणि त्यावर कावळा.

"खांब कुठं हायती?"

कृष्णात पुढं झाला आणि तिला तालमीत घेऊन गेला. सगळी आळी मागनं. त्यानं चावी दिली, गाडी सुटली, लोणंदवरनं निघून मिरजेवरनं गेली. सेल जोडले, पुठ्ठ्याच्या आळीत उजेड पडला. साळूबाई वाकून बघत होती. इतका वेळ वाकून बघत होती की कृष्णातला घाम फुटला.

"हे," ती बोट लावून म्हणाली, "माज्या तोरनाचं मनी हायती."

"अगं, उंदरांनी साबुदानं खाल्लं म्हनून..."

"मी मिरजंत साऱ्या क्वार्टरात पेढं वाटलं," साळूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. तेच वाईट होतं. "शेजारनी म्हनाल्या, साळूबाई, तुमचं मालक लय खटपटी. आन् मालकांनी माजं तोरन फोडून भावली-भावली खेळलंय. संध्याकाळच्या गाडीनं मी परत जाते. आन् ह्या खेपंला पावतीबिवती मागायला आलासा तर वही चुलीत घालीन."

तेवढ्यात आळीत जीप शिरली. मागं ट्रेलर, त्यावर लांब शिडी, दोर, पहारी आणि चार मजूर. जीपमधनं काळा चष्मा लावलेला तरणा इंजिनिअरसाहेब उतरला. सांगलीकडच्या हापिसाचा. हातात तोच पेपर. त्याच्यामागं लाइनमन कोंडीबा, कमरेला पकड, पायांत मोठाले बूट.

"कुठे आहेत ते खांब?" साहेब कडाडला. "सातारवाल्यांनी आमच्या हद्दीत घुसून लाइन टाकली! आम्हाला पेपरात वाचून कळतं! कोण आहे इथं जबाबदार माणूस?"

सगळ्यांनी कृष्णातकडं बघितलं.

"खांब माजं हायती, सायेब."

"तुमचे? खाजगी खांब? अहो, हा गुन्हा आहे! अकरा खांब मोजलेत मी फोटोत. कुठे लपवलेत?"

"लपवलं न्हाईत. हितं आत हायती. या."

साहेब तालमीत शिरला, वाकला, चष्मा काढला. पेपर समोर धरला. पेपरकडं बघितलं, फळ्यांकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आणि हा डोंगर?"

धनपालनं धोतर सावरून पाय कट्ट्यावर ठेवला. "ह्यो, सायेब."

तालीम फुटली. हरणाबाई हसून हसून भिंतीला टेकली. कोंडीबा रुमालात तोंड खुपसून खांदे हलवत होता. साळूबाई मात्र हसत नव्हती. तिला हसायला काय झालं होतं?

साहेब लाल झाला. इथं त्यानं हसून चहा प्यायला असता तर गोष्ट संपली असती. पण त्यानं वरच्या साहेबाला फोन केला होता, सातारवाल्यांचं अतिक्रमण पकडलं म्हणून. शिडी काढली होती, मजूर आणले होते, आदेशावर सही झाली होती. मोकळ्या हातानं परत कसा जाणार? हापिसातल्या माणसाला चूक कबूल करण्यापेक्षा डोंगर उचलणं सोपं जातं, मग तो अंगठा का असेना.

"कोंडीबा," साहेब म्हणाला, "खांब उतरवा."

"सायेब?"

"आदेशात अकरा खांब लिहिलंय. खांबांची उंची कुठे लिहिलीय? उतरवा म्हणतो ना."

कोंडीबानं सवयीनं आधी ओरडून विचारलं, "सप्लाय बंद हाय का?" कृष्णातनं सेल काढले. मग कोंडीबा फतकल मारून बसला आणि चिमटीत धरून एकेक खांब उपसू लागला. मजूर पोतं धरून उभे. एक. दोन. तिसऱ्याचा ताण अडकला, तो दातानं तोडला.

"आवं हवालदार," कोंडीबा हळूच म्हणाला, "झोळ लय सुदीक दिलाय वो. आमच्या पोरांना दावा की कवा."

"पलटनीतला हाय," कृष्णात म्हणाला.

"आणि हे?" साहेबानं रुळाकडच्या खांबांकडं बोट केलं.

"ती रेल्वेची, सायेब."

"मग राहू द्या. रेल्वेच्या मालमत्तेला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही."

अकरावा, धनपालच्या दारातला, कोंडीबानं उपसला आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. पोत्यात तळाशी काड्या किती होत्या, तर एखाद्या चिमणीच्या घरट्यालाही पुरल्या नसत्या. चार मजुरांनी ते उचललं.

कृष्णातच्या डोळ्यांसमोर अंधार आला. बायको परत चालली होती, खांबही चालले होते. आणि ह्या घटकेलासुद्धा त्याच्या अंगातला स्टोअरवाला गप्प बसेना. पाय आपोआप दारात आडवा झाला.

"सायेब, पावती."

"कसली पावती?"

"माल नेताय. पावतीबिगर माल भाईर जात न्हाई."

"मेला ह्यो मानूस," साळूबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "घर जळत असलं तरी आगीची सही घेईल."

"तुम्हाला पावती पाहिजे?" साहेब दात खात म्हणाला. "घ्या! पुराव्याला बरी. उद्या म्हणाल खांब नव्हतेच." त्यानं बोनेटवर कागद ठेवला, खरखरा लिहिलं, सही केली, जीपमधल्या बॅगेतला शिक्का फूः करून ओला केला आणि हाणला. जीप धुरळा उडवत गेली.

कृष्णातनं कागद वाचलाच नाही. घडी घालून खिशात ठेवायला लागला.

"काय लिवलंय बगू तर," साळूबाईनं कागद हिसकला. तिला नवऱ्याच्या गुन्ह्याची नेमकी कलमं पाहिजे होती, मिरजेला जाऊन सांगायला. ती बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागली. "आम-च्या हद्-दी-तील मौजे भाळोशी, खालची आळी, येथील लाइनवरचे अकरा खांब, तारेसह, उतरवून ताब्यात घेतले."

ती थांबली. परत पहिल्यापासून वाचलं. मग पेटी खाली ठेवली.

"आवं."

"काय?"

"आमच्या हद्दीतील. सांगलीचा शिक्का हाय."

"मग?"

"मग काय मग! ही लोकं आजवर काय म्हनत हुती? तुमी आमच्या हद्दीत न्हाई. ह्यात काय लिवलंय? अठरा वर्सं पलटनीत काय नुसत्या तारा मोजल्या व्हय तुमी?"

 कृष्णातनं कागद घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि आळीतल्या सगळ्यांदेखत त्याला सॅल्यूट ठोकला. धनपाल म्हणाला, "आता काय गणपती सोडून ह्याची आरती करायची काय?"

त्या संध्याकाळची गाडी साळूबाईविना गेली.

सोमवारी तिघं सांगलीला गेली. कृष्णात इस्त्रीच्या कपड्यांत, छातीवर बिल्ले लावून. साळूबाई पिशवीत भाकरी बांधून, कारण हापीस म्हटलं की मुक्कामाची तयारी पाहिजे. धनपाल अध्यक्ष म्हणून.

"नवीन लाइन?" कारकून मान वर न करता म्हणाला. "मंजुरी, नकाशा, नंबर लागायला तीन-चार वर्षं..."

"नवी न्हाई," साळूबाई म्हणाली. "जुनी. तुमी उतरवल्याली. परत हुबी करा."

कारकुनानं पावती वाचली. शिक्का उन्हाला धरला. आतल्या खोलीतनं फाइल आणली. फाइलमध्ये साहेबानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की खालच्या आळीत अकरा खांबांची लाइन होती आणि ती उतरवली. कारकुनानं डोकं खाजवलं. "नवीन लाइनला मंजुरी लागते. उतरवलेली लाइन परत उभी करायला..." त्यानं जाडजूड पुस्तक उघडलं, पानं उलटली. "काहीच लागत नाही."

इंजिनिअरसाहेबाला बोलावलं. त्यानं पावती बघितली, तिघांना बघितलं, धनपालचा पाय बघितला.

"हे पाहा, ते खांब म्हणजे..." त्यानं इकडंतिकडं बघून आवाज खाली केला. "तुम्हाला माहीत आहे ते काय होतं."

"आमाला हाय," कृष्णात म्हणाला. "तुमच्या वरच्या सायबांना न्हाई. सांगू काय? त्यांनी पोतं सोडून आत काय हाय ते दावा म्हनलं तर..."

"नको!" साहेब म्हणाला. खुर्चीत बसला. पाणी प्याला. "ती पावती मला परत द्या."

"देतो की. माल परत मिळाला की पावती परत. तसाच नियम हाय."

दिवाळीच्या आत खालच्या आळीत ट्रकातनं खांब आले. मोजून अकरा. सांगलीच्या विहिरींपासून ओढ्याच्या काठापर्यंत बरोबर पुरले, एक कमी नाही की जास्त नाही. कोंडीबा कृष्णातला विचारून विचारून झोळ देत होता. हरणाबाई दारात काठी घेऊन उभी होती, तार दोन बोटं लांबच गेली. अकराव्या खड्ड्याला मात्र दंगा झाला.

"आरं, माज्या दारात कुटं खांदतोस?" धनपाल पायरीवरनं किंचाळला. "मदोमद? गिऱ्हाईक आत कसं जाईल?"

"आण्णा, मी हितनंच उपसला हुता," कोंडीबा म्हणाला. "जितनं उतरवला तितंच हुबा करायचा, असा लेखी हुकूम हाय."

"आरं, त्यो पुठ्ठ्याचा हुता!"

"मग जाईल की वाकडं हून," कृष्णात म्हणाला.

खांब उभा राहिला. तेव्हापासून धनपालच्या दुकानात माणसं आडवी होऊन शिरतात, आणि धनपाल पोटामुळं आडवाही शिरू शकत नाही, म्हणून परड्यातनं जातो. रॉकेलचं पिंप तर आतच अडकलंय. कुणाला वाईट वाटलं असेल तर त्यानं जाऊन वाटून घ्यावं, मला वाटलेलं नाही.

लाइट सोडली ती दिवेलागणीला. कृष्णातच्या घरात आढ्यातनं वायर आली, बल्बच्या वीतभर वायरला जोडली गेली. भिंतीवर बटण. सगळी आळी दारात. साळूबाईनं पदर खोचला, बटणाला हळदकुंकू लावलं आणि दाबलं.

शंभरचा बल्ब भसकन पेटला. आजवर चिमणीच्या उजेडात घर नुसतं घर होतं. आता त्यातलं सगळं दिसलं. आढ्याला जळमटं. भिंतीवर चुलीचा काळा पट्टा. उतरंडीमागं करपलेल्या भाकरींचा ढीग, महिन्याभराचा, थरावर थर. आणि दारावर, तोरणाच्या जागी, नुसता खिळा.

साळूबाईनं चारी बाजूंनी नजर फिरवली.

"ह्या घरात मी राहत हुते?" ती म्हणाली. मग कोपऱ्यातली केरसुणी उचलून हवालदाराच्या हातात दिली. "आदी ही घ्या. आन् त्या माज्या पेटीची पावती आना हिकडं."

कृष्णातनं वही आणली. पेटी जमा झाली होती, तेव्हा नियमानं पावती परत करायलाच पाहिजे होती. त्यानं पान फाडून दिलं. साळूबाईनं ते चिमणीच्या ज्योतीवर धरलं, जळेपर्यंत धरलं, मग फुंकर घालून चिमणी विझवली.

कृष्णात केर काढत होता. सांगलीची पावती मात्र त्यानं कधी परत केली नाही. साहेबाची दोन पत्रं आली, खांब उभे राहिले, पावती द्या. त्यावर कृष्णातनं उलट टपाली लिहिलं की आमच्या मालाचं वर्णन छत्रीची काडी, पांढरे मणी आणि तांब्याची बारीक तार असं आहे, तो माल अद्याप मिळालेला नाही, बायको तोरणासाठी थांबली आहे, तरी पोतं तपासून लवकर पाठवावं.